भाडेकरू हा आरोपी आहे काय?

घरभाड्याच्या जामीनदारीचा खरा अर्थ

ब्रिटनच्या पार्लमेंटने मंजूर केलेल्या भाडेकरू हक्क कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजसंमती मिळाली. थॅचर सरकारच्या १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने इंग्लंडमधील घरमालकांच्या हाती एक हत्यार दिले होते. कोणतेही कारण न देता भाडेकरूला नोटीस बजावून घराबाहेर काढण्याचा तो अधिकार होता. नव्या कायद्याने ते हत्यार काढून घेण्याची तरतूद केली. ठरावीक मुदतीच्या करारांची पद्धत मोडीत काढली. जाहीर भाड्यापेक्षा चढी बोली स्वीकारण्यास, तसेच मुले असलेल्या कुटुंबांना व सरकारी साहाय्य घेणाऱ्यांना सरसकट नकार देण्यास मनाई केली. एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागण्यासही बंदी घातली. या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १ मे २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. हे सारे भाडेकरूंच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे आणि ते कमी लेखण्याचे काहीही कारण नाही.

परंतु एका जागी हा कायदा थबकला. घर मागणाऱ्याला 'तुझा जामीनदार कोण?' असे विचारण्याचा घरमालकाचा अधिकार त्याने जवळजवळ अबाधित ठेवला. भाडेकरूच्या मृत्यूनंतर चढणाऱ्या भाड्यासाठी जामीनदाराला धरू नये, एवढाच काय तो अपवाद केला. जामीनदार कोणाकडे मागावा, त्याची मिळकत किती असावी, त्याच्याकडून किती रकमेची हमी घ्यावी, हे सारे बाजारावर सोपविले. घरांचा तुटवडा असताना बाजारावर सोपविणे म्हणजे घरमालकावर सोपविणे होय, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हा दूरदेशीचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, महाराष्ट्रातून शिकण्यासाठी गेलेले विद्यार्थी आणि तेथील इस्पितळांत व वृद्धाश्रमांत राबणाऱ्या भारतीय परिचारिका यांना या प्रश्नाचा पहिला फटका बसतो. दुसरे अधिक महत्त्वाचे उत्तर असे की, जामीनदार मागणारा घरमालक आपल्याही देशात आहे. फक्त तो कागद पुढे करीत नाही, आडनाव विचारतो.

जामीनदारीचे यंत्र

इंग्लंडमधील व्यवहार असा चालतो. घरमालकाचा एजंट इच्छुक भाडेकरूची मिळकत तपासतो. वार्षिक मिळकत मासिक भाड्याच्या साधारण तीसपट असावी, असा बहुतेक एजंटांचा शिरस्ता आहे. ती तेवढी नसेल, नोकरी नवी किंवा हंगामी असेल, माणूस विद्यार्थी असेल, अथवा त्या देशात त्याच्या पूर्वीच्या देण्याघेण्याची नोंद नसेल, तर जामीनदार मागितला जातो. जामीनदाराने ब्रिटनमध्येच राहावे, त्याची मिळकत भाड्याच्या छत्तीसपट असावी आणि शक्यतो त्याचे स्वतःच्या मालकीचे घर असावे, अशी अपेक्षा असते. यातील एकही आकडा कायद्याने ठरविलेला नाही. हे धंद्याने धंद्यासाठी बनविलेले नियम होत.

हमी लेखी असली पाहिजे, हा दंडक इंग्लंडमध्ये १६७७ सालच्या कायद्यापासून चालत आला आहे. भाडे थकल्यास ते जामीनदाराने भरावयाचे. बहुधा घराच्या नुकसानीचा आणि कोर्टखर्चाचा बोजाही त्याच्यावर टाकलेला असतो. चार विद्यार्थ्यांनी मिळून एक घर घेतले व चौघांची जबाबदारी संयुक्त असली, तर एका मुलाच्या बापाने केलेली सही चौघांच्याही थकबाकीला बांधली जाऊ शकते. आपण फक्त आपल्या लेकराची हमी घेतली, अशा समजुतीत असलेल्या त्या बापाला परक्या तिघांचे देणे डोक्यावर घ्यावे लागते. मुदतीचे करार मोडीत निघाल्यावर तर कागदात स्पष्ट मर्यादा घातली नसेल तर ही हमी किती काळ चालेल, यालाही धरबंध उरत नाही.

येथे आपल्या भाषेकडे जरा लक्ष द्यावे. भाषांतराच्या टेबलावर 'गॅरेंटर' या शब्दाला प्रतिशब्द शोधू लागले की लेखणीतून आपोआप 'जामीनदार' उतरतो. हाच शब्द मराठी माणूस फौजदारी कोर्टाच्या आवारातही वापरतो. कोठडीतून सुटण्यासाठी आरोपीला जामीनदार लागतो आणि डोक्यावर छप्पर मिळविण्यासाठी भाडेकरूलाही जामीनदारच लागतो. भाषेने ही दोन माणसे एकाच शब्दात बांधली आहेत, आणि घरमालकाच्या नजरेत ती खरोखरच एक आहेत. एकावर गुन्ह्याचा आरोप असतो. दुसऱ्यावर आरोप एवढाच की त्याच्याजवळ मालमत्ता नाही.

ज्याला गरज नाही, त्यालाच मिळणारा जामीन

आता थोडा हिशेब करू. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षे व त्यावरील वयाच्या कामगारांसाठी किमान वेतन ताशी १२.२१ पौंड ठरले. आठवड्याला साडेसदतीस तास याप्रमाणे वर्षभर काम केले तर हाती सुमारे २३,८०० पौंड येतात, तेही कर कापण्यापूर्वी. तीसपटीच्या नियमाने या कामगाराला मासिक ७९३ पौंडांपेक्षा अधिक भाड्याचे घर जामिनाशिवाय मिळणार नाही. त्याच्यासारखाच पूर्णवेळ राबणारा त्याचा बाप जामीनदार म्हणून उभा राहिला तर? छत्तीसपटीच्या नियमाने त्या बापाची सही फक्त ६६१ पौंडांच्या भाड्यापुरती चालेल. म्हणजे ज्या भाड्यासाठी मुलाला जामीनच लागत नाही, त्या भाड्यासाठीसुद्धा त्याच्या बापाची सही अपुरी ठरते!

हा आकड्यांचा योगायोग नव्हे. यंत्राची रचनाच तशी आहे. जामीनदारी भाडेकरूची प्रामाणिकता मोजत नाही, कष्ट मोजत नाही, त्याने आजवर भाडे वेळेवर भरले की नाही हेही मोजत नाही. ती मोजते त्याच्या नातेवाइकांची संपत्ती. घरमालकाच्या मुलाला जामीनदार सहज मिळतो, कारण त्याचा बाप घरमालक असतो. कामगाराच्या मुलाला तो मिळत नाही, कारण त्याचा बाप स्वतःच भाडेकरू असतो. अनाथाश्रमात वाढलेल्या तरुणाला, घरच्यांनी टाकलेल्या मुलीला, नवऱ्याचा मार चुकवून बाहेर पडलेल्या स्त्रीला, परदेशातून आलेल्या कामगाराला जामीनदार मिळत नाही, कारण त्यांच्या मागे उभे राहणारे कोणीच नसते. ज्याला आधाराची गरज सर्वांत कमी त्याच्यापुढे दार उघडावयाचे आणि ज्याला ती सर्वांत जास्त त्याच्यापुढे बंद करावयाचे, हे या पद्धतीचे कार्य आहे.

भांडवलशाहीने माणसाला नात्यागोत्याच्या बंधनांतून मुक्त केले, आता माणूस 'स्वतंत्र व्यक्ती' म्हणून करार करतो, असा तिच्या भाटांचा दावा असतो. मग राहण्याची खोली घेताना हा स्वतंत्र माणूस एकाएकी कोणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा भाचा कसा होतो? नफा धोक्यात येण्याची नुसती शंका आली की भांडवलाला सरंजामी नाती पुन्हा आठवतात.

घरमालकाचा युक्तिवाद

विरोधकाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. घरमालक म्हणतो : भाडे थकले तर माझे नुकसान होते. २०१९ च्या कायद्याने अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली; वर्षाला पन्नास हजार पौंड व त्यापुढील भाडे असेल तरच सहा आठवडे. नव्या कायद्याने सक्तीने ताबा मिळविण्यासाठी लागणारी थकबाकी दोन महिन्यांवरून तीन महिन्यांवर नेली. त्यावर चार आठवड्यांची नोटीस, त्यावर कोर्टातील दिरंगाई. पाच आठवड्यांच्या अनामतीत हे भागणार कसे? शिवाय सगळेच घरमालक धनदांडगे नसतात. आयुष्याची पुंजी एका घरात घालून म्हातारपण काढणारेही असतात.

धोका आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की तो कोणी वाहावयाचा? भाड्याचे उत्पन्न घरमालक याच धोक्याचा मोबदला म्हणून घेत असतो, निदान त्याचे अर्थशास्त्रज्ञ तरी तसे सांगतात. मग मोबदला आपल्या खिशात आणि धोका भाडेकरूच्या चुलत्याच्या डोक्यावर, ही कोणती व्यापारनीती? थकबाकीचा विमा उतरविण्याची सोय इंग्लंडमध्ये आहे. परंतु विम्याचा हप्ता घरमालकाला भरावा लागतो, आणि चुलत्याची सही फुकट मिळते. छोट्या घरमालकाची खरीच चिंता असेल, तर त्याला संरक्षण देणारी सार्वजनिक व्यवस्था उभारता येते. ती कशी, हे पुढे पाहू. मात्र छोट्या घरमालकाचे नाव पुढे करून मोठ्या एजन्सींची सोय पाहणे हा जुना डाव आहे.

या ठिकाणी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची आठवण करून दिली पाहिजे. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश सरकार हा खटला न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे आला. मोतीराम हा गरीब गवंडी होता. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला, आणि त्याचा भाऊ जामीनदार म्हणून पुढे आला असता तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या सबबीवर त्याला नाकारले. केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात काम केलेल्या या न्यायमूर्तींनी ती अट उडवून लावली आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडण्यास सांगितले. गरिबाच्या आवाक्याबाहेरचा जामीन म्हणजे जामीन नाकारणेच होय आणि भारतीय माणूस आपल्याच देशातील दुसऱ्या जिल्ह्यात परका ठरत नाही, हे त्या निकालाचे सार होते. आरोपीला जो न्याय मिळाला, तो भाडेकरूला का मिळू नये?

जामीनदार नाही, मग वाट कोणती?

सिद्धान्ताची चर्चा करताना, आज रात्री कोठे झोपावे हा ज्याच्यापुढचा प्रश्न आहे त्याला विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये जामीनदार नसलेल्यापुढे ज्या वाटा आहेत, त्या एकेक तपासून पाहू.

पहिली वाट समजावणीची. पूर्वी वेळेवर भरलेल्या भाड्याच्या पावत्या, मालकाचे पगारपत्र, बँकेचा उतारा दाखवून एजंटाचे मन वळवावयाचे. ही वाट करून पाहावी. पण येथे हक्क नाही, मेहेरबानी आहे.

दुसरी वाट पैशाची होती. परदेशी विद्यार्थ्यांकडे सहा-सहा महिन्यांचे, कधी वर्षाचे भाडे आगाऊ मागितले जाई. वडिलांनी शेत गहाण टाकून उभी केलेली रक्कम पहिल्याच दिवशी घरमालकाच्या खात्यात जाई. नवा कायदा ही वाट बंद करतो आणि ते योग्यच आहे. परंतु लुटीचे एक दार बंद केले आणि शेजारचे उघडे ठेवले, की सारी गर्दी त्या दुसऱ्या दारावर लोटते. अनामत मर्यादित, आगाऊ भाडे मर्यादित आणि जामीनदारी मात्र अमर्याद, अशा अर्धवट सुधारणेचा परिणाम जामीनदाराची मागणी वाढण्यातच होणार.

तिसरी वाट सार्वजनिक संस्थांची. काही विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतः जामीनदार होतात. विशेषतः परदेशी विद्यार्थी, अनाथाश्रमातून आलेले व कुटुंबापासून तुटलेले तरुण यांना हा लाभ मिळतो. काही नगरपालिका अनामत रकमेऐवजी लेखी हमीपत्र देतात. ज्याला शक्य असेल त्याने प्रथम याच दारांवर थाप मारावी. मात्र सर्वत्र ही सोय नाही, आणि असे हमीपत्र स्वीकारलेच पाहिजे, असे बंधन घरमालकावर नाही.

चौथी वाट खाजगी कंपन्यांची. मासिक भाड्याच्या प्रमाणात शुल्क घेऊन त्या जामीनदार होतात. २०१९ च्या कायद्यानुसार घरमालकाला वा एजंटाला या शुल्काची सक्ती करता येत नाही; पण दुसरा जामीनदार नसलेल्याला 'तुमच्या मर्जीने' ही कंपनी घेण्यावाचून गत्यंतर नसते. हे शुल्क परत मिळत नाही. आणि भाडे थकून कंपनीने घरमालकाला भरपाई केली, तर तीच रक्कम ती भाडेकरूकडून वसूल करते! विमा घरमालकाचा, हप्ता भाडेकरूचा आणि अखेर नुकसानही भाडेकरूचेच. गिरणगावातील मुकादम नोकरी लावी, खोली मिळवून देई, उधारीची हमी घेई आणि प्रत्येक वेळी आपला वाटा कापून घेई. ही कंपनी म्हणजे तोच मुकादम, फक्त आता त्याच्यापाशी संगणक आला आहे.

पाचवी वाट घरमालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहण्याची. तेथे जामीनदार सहसा मागत नाहीत. पण तेथे संरक्षणही जवळजवळ नाही. वाजवी मुदतीची सूचना दिली की कोर्टाची पायरी न चढता घरमालक त्याला बाहेर काढू शकतो.

आणि जेथे नातलगाला सही करावीच लागते, तेथे निदान चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : हमीची कमाल रक्कम, तिची अखेरची तारीख, फक्त आपल्या माणसाच्या वाट्याच्या भाड्यापुरती जबाबदारी, आणि भाडे वाढविताना जामीनदाराची नव्याने संमती. सही करण्यापूर्वी मूळ भाडेकरार वाचावयास मागावा. जो करार दाखवीत नाही, त्याला सही देऊ नये.

परक्या माणसापुढे आणखी एक भिंत आहे. २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने भाडेकरूची कागदपत्रे तपासण्याचे पोलिसी काम घरमालकावर सोपविले. २०१६ च्या फेब्रुवारीपासून ते साऱ्या इंग्लंडमध्ये लागू झाले. यामुळे वांशिक भेदभाव घडतो, असे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली म्हटले. २०२० साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला आणि योजना चालू राहिली. 'ब्रिटनमधला जामीनदार आणा' या साळसूद अटीमागे याच भिंतीची सावली आहे. कातडीचा रंग विचारण्याची मग गरजच उरत नाही.

दुसरा मार्ग आहे

'याला इलाज नाही' असे म्हणणाऱ्यांनी खाडीपलीकडे फ्रान्सकडे पाहावे. तेथे २०१६ पासून 'विझाल' नावाची योजना आहे. अठरा ते तीस वर्षांचे तरुण आणि त्यापुढील वयाचे काही गटांतील पगारदार यांच्यासाठी ती जामीनदार होते. भाडेकरूला एक पैसा पडत नाही. खाजगी घरांच्या बाबतीत छत्तीस महिन्यांपर्यंतच्या थकबाकीची हमी घरमालकाला मिळते. छोट्या घरमालकाची चिंता येथे मिटते! आणि पैसा येतो कोठून? ही योजना चालविणारी संस्था मालकवर्गाच्या वर्गणीवर उभी आहे. कामगारांच्या घरांसाठी मालकांनी वर्गणी देण्याचे बंधन फ्रान्समध्ये १९५३ साली घालण्यात आले. आज पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना वेतनखर्चाच्या ०.४५ टक्के रक्कम त्यासाठी द्यावी लागते. ज्याला शहरात कामगार हवा आहे, त्यानेच त्या कामगाराच्या निवाऱ्याचा भार उचलावा, हे साधे तत्त्व त्यात आहे.

फ्रेंच कायदा आणखी दोन गोष्टी सांगतो. घरमालकाने थकबाकीचा विमा उतरविला असेल, तर त्याला वर आणखी जामीनदार मागता येत नाही. विद्यार्थी आणि उमेदवार कामगार यांच्यापुरता तेवढा अपवाद आहे. आणि जामीनदार फ्रेंच नागरिक नाही किंवा फ्रान्सच्या मुख्य भूमीवर राहत नाही, या कारणासाठी त्याला नाकारता येत नाही. जर्मनीत भाडेकरूकडून घ्यावयाच्या साऱ्या तारणाला मिळून तीन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा आहे, आणि घरमालकाने मागितलेली हमीही सामान्यतः याच मर्यादेत धरली जाते. यांपैकी एकही देश समाजवादी नाही. जर्मनी-फ्रान्सच्या शहरांतही घरभाड्याने कामगाराचे कंबरडे मोडले आहे. पण भांडवली चौकटीतही भाडेकरूंच्या चळवळीच्या रेट्याने जे मिळविता येते, ते इंग्लंडमध्ये अशक्य कसे ठरते?

आपल्याकडील जामीन : आडनाव

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या शहरांत छापील हमीपत्र सहसा पुढे येत नाही. येथे पहिला जामीन पैशाचा असतो. बंगलोरमध्ये दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार आहे. त्याआधी पागडी होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा असलेली पागडी महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने राजरोस केली. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या अनामतीची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होणारा. आणि ज्याच्यापाशी दोन महिन्यांचे भाडेही नाही, त्याच्याविषयी तो मूक आहे.

दुसरा जामीन ओळखीचा. 'आपल्यातले आहेत का?' या एका प्रश्नात जात, धर्म, भाषा, स्वयंपाकघर सारे येते. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहण्यास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर जात कळताच तेथूनही हुसकावण्यात आले. संस्थानच्या नोकरीची हमी असूनही त्यांच्यापाशी तो एक जामीन नव्हता. शंभर वर्षांनंतरही मुसलमान आणि दलित तरुणांना दलालाच्या तोंडून 'सोसायटीचा नियम आहे' हे वाक्य ऐकावे लागते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवणाऱ्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा उपनियम ग्राह्य ठरविला. त्यामुळे या भिंतीला कायद्याचा गिलावाही मिळाला. इंग्लंडचा घरमालक बापाची मिळकत विचारतो, आपला घरमालक बापाची जात विचारतो. दोघांचाही प्रश्न एकच असतो : तुझ्या मागे कोण आहे?

ज्याच्या मागे कोणीच नाही, त्याचे काय होते ते साऱ्या देशाने २०२० साली पाहिले. टाळेबंदीनंतर २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला. तरीही लाखो कामगार शेकडो मैल पायी निघाले. करारपत्र नसलेल्या, पावती नसलेल्या भाडेकरूला तो आदेश कोणत्या कोर्टात दाखविता येणार होता?

गावकीच्या खोलीचा धडा

तरीही कामगारवर्गाने या प्रश्नाला स्वतःचे उत्तर एकदा शोधले होते. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कामगारांपाशी ना अनामत होती, ना शहरात सही करणारा काका. त्यांनी गावकीच्या खोल्या उभ्या केल्या. गावाच्या नावावर गाळा, पाळीपाळीने झोपणारी माणसे, वर्गणीतून भाडे. गोव्याच्या दर्यावर्दी कामगारांनी धोबीतलाव-माझगाव भागात गावागावांचे 'कूड' चालविले. बोटीवरून उतरलेल्या खलाशाला तेथे नाममात्र वर्गणीवर पथारी मिळे. नोकरी गेलेल्याचे भाडे इतरांनी सांभाळावयाचे, ही सामुदायिक जामीनदारी होती. तिला गावाची आणि पुष्कळदा जातीची मर्यादा होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु जामीनदार हा नेहमी एखादा मालदार नातलगच असला पाहिजे असे नाही, हे तिने सिद्ध केले. गावाच्या जागी वर्ग आला की हीच कल्पना पुढे जाते. केरळ सरकारने पालक्काड जिल्ह्यातील कंजिकोड येथे स्थलांतरित कामगारांसाठी २०१९ साली 'अपना घर' हे वसतिगृह उघडले. तेथे परप्रांतीय कामगाराला आडनावाच्या जोरावर खोली मिळवावी लागत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मालकवर्गाच्या सक्तीच्या वर्गणीतून सार्वजनिक भाडेहमी निधी उभारावा आणि त्याची हमी नाकारण्यास मनाई असावी. अनामत, आगाऊ भाडे व हमी या सर्वांवर मिळून एकच मर्यादा घालावी. प्रत्येक हमीपत्रात रक्कम व मुदत लिहिणे बंधनकारक करावे. आपल्या करार कायद्यानुसार चालू हमी पुढील व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. घरभाड्याच्या हमीलाही हा हक्क निःसंदिग्धपणे लागू करावा. जात, धर्म वा प्रांत पाहून घर नाकारणे दंडनीय ठरवावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेश शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराष्ट्र शासनाने त्यांच्या घरभाड्याची हमीही स्वतः घ्यावी. जो खर्च शासन करीतच आहे, त्याला एक सही जोडावयास तिजोरीतून काय जाते?

यातील एकाही मागणीने घरांचा प्रश्न सुटणार नाही, हे आपण जाणतो. १८७२ साली एंगल्सने घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली आणि घरटंचाई हा अपघात नसून भांडवली व्यवस्थेचे अपत्य आहे हे दाखवून दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात ब्रिटिश राजवटीने भारतीय करार कायदा केला आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, हे त्याच्या १२८ व्या कलमात नोंदविले. दीडशे वर्षांत कलम जागचे हलले नाही आणि टंचाईही हटली नाही. पुरेशी सार्वजनिक घरे बांधली जात नाहीत तोवर घरमालक अटी घालीतच राहणार. परंतु पुढची लढाई आहे म्हणून आजची सोडून द्यावी, हा क्रांतिकारकपणा नव्हे, आळस आहे. १९१५ साली ग्लासगोच्या कामगार स्त्रियांनी मेरी बार्बर यांच्या नेतृत्वाखाली वाढीव भाडे भरण्यास नकार दिला आणि ऐन महायुद्धात त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडे गोठविणारा कायदा करावा लागला. त्या स्त्रियांपाशी मालमत्ता नव्हती, वजनदार नातलग नव्हते. जिन्यावर उभी असलेली शेजारीण, एवढाच त्यांचा जामीन होता. आणि तो पुरला.